स्वाध्यायाची शंभर वर्षे : पंडित सातवळेकर

हैदराबादेत कोठीच्या चौकातून जामबागेकडे वळले की आधी फुलांचा दरवळ येतो. झेंडू, शेवंती, मोगरा यांचे ढीग, हारांचे सौदे, हातगाड्यांची वर्दळ आणि उर्दू, तेलुगू, मराठी अशा तिन्ही भाषांतील हाकारे. या गजबजलेल्या वस्तीत विवेकवर्धिनी ही मराठी माणसांनी उभारलेली शिक्षणसंस्था आहे. निजामाच्या राज्यात, उर्दू ही राजभाषा असताना, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिची मुहूर्तमेढ रोवली गेली. संस्थेला ना कोणा धनिकाचे नाव दिले गेले, ना कोणा देवतेचे. विवेक वाढविणारी, एवढाच अर्थ त्या नावात आहे. बरे-वाईट, सार-असार निवडण्याची शक्ती माणसाच्या अंतरंगात असते आणि अभ्यासाने ती वाढविता येते, असा विश्वास त्या नावामागे होता.

केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक या हैदराबादच्या नामवंत पुढाऱ्यांबरोबर या उभारणीत एक चित्रकार होता. तो मराठवाड्यातला नव्हता, तेलंगणातला नव्हता. बांदा ओलांडून सावंतवाडीच्या वाटेला लागलेल्या कोणाही गोमंतकीयाला परिचित असलेल्या कोलगावचा तो सुपुत्र. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे त्याचे नाव. पुढे सारा देश त्यांना वेदमूर्ती म्हणून ओळखू लागला. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव स्वाध्याय मंडळ. विवेकवर्धिनीपासून स्वाध्याय मंडळापर्यंतचा हा प्रवास सरळ नव्हता. त्यात दरबारी प्रतिष्ठा सुटली, खटला आला, बेड्या आल्या आणि चार वेळा बसलेले बस्तान मोडावे लागले. इतके होऊनही त्यांच्या हातातले काम कधी सुटले नाही. ते का सुटले नाही, हे पाहिले म्हणजे स्वाध्याय या शब्दाचा अर्थ अधिक नीट कळतो.

कोलगावचे घर

१९ सप्टेंबर १८६७ रोजी सातवळेकरांचा जन्म झाला. घराणे वैदिकाचे. पूजाअर्चा, याज्ञिकी आणि मंत्रपठण यांवर चालणाऱ्या कोकणातल्या अनेक घरांसारखेच ते घर होते. तेथे विद्या होती, पण संपत्ती नव्हती. मुलाच्या कानावर वेदमंत्र पडले ते पाळण्यापासूनच. मंत्र पाठ करायचे, स्वर सांभाळायचे, यजमानाकडे जाऊन विधी सांगायचे, ही परंपरेने ठरवून दिलेली वाट त्यांच्यापुढे होती.

त्या परंपरेचे सामर्थ्य मोठे होते. लेखनाच्या आधाराशिवाय हजारो मंत्र अक्षराचा कानामात्रा न बदलता पिढ्यान् पिढ्या सांभाळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु तिची एक उणीवही होती. पाठ करणाऱ्यांपैकी पुष्कळांना मंत्रांचा अर्थ ठाऊक नसे आणि तो ठाऊक असावा अशी अपेक्षाही कोणी करीत नसे. मुखाने म्हटलेले मनापर्यंत पोहोचते की नाही, हे विचारणारे कोणी नव्हते. सातवळेकरांच्या पुढच्या आयुष्याचा बराचसा भाग या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेला.

मात्र तारुण्यात त्यांना वेगळीच ओढ लागली होती. बोटांत चित्रकला होती. सावंतवाडीत तिचे प्राथमिक धडे गिरवून ते मुंबईस गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. धुरंधर आणि गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांसारखे चित्रकार घडविणारा तो काळ. पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीचे शिक्षण तेथे मिळे. प्रतिमा रेखाटताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरील छाया-प्रकाश, कपाळावरची आठी, डोळ्यांतली चमक किंवा थकवा हे सारे अचूक टिपावे लागे. या विद्येत सातवळेकरांनी प्रावीण्य मिळविले आणि मानाचे मेयो पदकही पटकाविले. एका भिक्षुकाच्या घरातील मुलाने मुंबईत एवढे नाव कमवावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

हैदराबादचा चित्रकार

१९०० च्या सुमारास ते हैदराबादेस आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची ती राजवट. जहागीरदार, नवाब, राजे आणि बडे अधिकारी यांनी गजबजलेल्या त्या शहरात व्यक्तिचित्रे काढणाऱ्या कुशल कलावंताला कामाची वाण नव्हती. सातवळेकरांनी आपली चित्रशाळा थाटली आणि थोड्याच काळात त्यांचा जम बसला. तिशी ओलांडलेल्या या गृहस्थाच्या पुढे सुखवस्तू आयुष्य हात जोडून उभे होते.

नेमक्या याच काळात त्यांचे वेदांकडे परत येणे घडले. कोठीलगतचा सुलतान बाजार त्या वेळी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. निजामाच्या राजधानीत असूनही तो भाग ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीत होता. तेथे १८९२ पासून आर्यसमाजाचे कार्य चालू होते आणि केशवराव कोरटकर त्याचे आधारस्तंभ होते. कोरटकर वकील, पुढे न्यायमूर्ती झाले. योगायोग असा की त्यांचाही जन्म १८६७ चाच. या मंडळींच्या सहवासात सातवळेकरांना स्वामी दयानंदांच्या विचारांचा परिचय झाला. वेद हा केवळ पठणाचा ग्रंथ नाही, त्यातून जगण्याचा बोध घ्यायचा असतो आणि तो सर्वांसाठी खुला आहे, ही भूमिका त्यांच्या मनाला भिडली. लहानपणी पाठ केलेले मंत्र ते नव्याने, अर्थासह वाचू लागले. कोलगावच्या घरात जो प्रश्न कोणी विचारला नव्हता तो त्यांनी स्वतःलाच विचारला.

दिवसा कुंचला आणि उरलेल्या वेळी संहिता, व्याकरण, निरुक्त असा दिनक्रम सुरू झाला. दरबारी माणसांचे चेहरे न्याहाळणारी दृष्टी हळूहळू आत वळू लागली. पण या आत वळण्याने त्यांना जगापासून दूर नेले नाही. उलट त्याच वर्षांत ते सार्वजनिक कार्यात ओढले गेले. हैदराबादच्या मराठी मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची सोय तुटपुंजी होती. कोरटकर, नाईक आदी मंडळींनी ती उणीव दूर करण्याचे ठरविले आणि विवेकवर्धिनी उभी राहिली. सातवळेकर त्या कामात आघाडीवर होते. स्वतःचा विवेक जागा करणे आणि समाजाच्या विवेकाची सोय लावणे ही दोन कामे त्यांच्या लेखी वेगळी नव्हतीच.

मंत्राची किंमत

अर्थ कळू लागला की त्याची किंमतही द्यावी लागते, हे लवकरच दिसून आले. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात पृथ्वीची स्तुती करणारे प्रसिद्ध भूमिसूक्त आहे. अनेक भाषा बोलणाऱ्या आणि अनेक आचार पाळणाऱ्या माणसांना एकाच घराप्रमाणे सांभाळणारी माता म्हणून त्यात भूमीचे वर्णन येते. सातवळेकरांनी या सूक्ताचे विवरण केले ते वैदिक राष्ट्रगीत या नावाने. वंगभंगानंतरचे ते दिवस होते. स्वदेशी आणि बहिष्कार यांनी देश ढवळून निघाला होता. मातृभूमीची स्तुती हजारो वर्षांपूर्वीच्या मंत्रांत आहे, हे सांगणारी पुस्तिका सरकारला मानवली नाही आणि ती जप्त झाली.

रेसिडेंटच्या हाकेच्या अंतरावर राहून राष्ट्रीय विचारांचा प्रचार करणारा चित्रकार निजाम सरकारलाही अडचणीचा वाटू लागला. अखेर १९०७ च्या सुमारास सातवळेकरांना हैदराबाद सोडावे लागले. चित्रशाळा, ग्राहक, मित्रमंडळ आणि नुकतीच रुजलेली शाळा हे सारे मागे राहिले. वयाच्या चाळिशीत त्यांनी पुन्हा प्रारंभ केला तो हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात. महात्मा मुन्शीराम, म्हणजेच पुढचे स्वामी श्रद्धानंद, यांनी १९०२ मध्ये गंगेकाठी उभारलेल्या त्या गुरुकुलात सातवळेकर अध्यापन करू लागले.

तेथेही शांतता लाभली नाही. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या कोल्हापूरहून निघणाऱ्या विश्ववृत्त मासिकात १९०८ मध्ये सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांची तेजस्विता हा लेख प्रसिद्ध झाला. वेदांतील प्रार्थना दीनवाण्या नाहीत, त्या तेज, बल आणि पराक्रम मागणाऱ्या आहेत, असे प्रतिपादन करणारा हा लेख राजद्रोही ठरविण्यात आला. विजापूरकरांना तुरुंगवास भोगावा लागला. सातवळेकरांना गुरुकुलातून पकडून कोल्हापुरास आणण्यात आले आणि तुरुंगाची कोठडी त्यांनाही पाहावी लागली.

मंत्रार्थाच्या एका लेखासाठी बेड्या पडलेल्या या माणसाच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, याची कल्पनाच करावी लागते. पण पुढच्या वर्तनावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. या प्रसंगाने त्यांच्यात कडवटपणा आला नाही आणि ते गप्पही बसले नाहीत. सुटकेनंतर त्यांनी लाहोर गाठले, पुन्हा कुंचला हाती घेतला, छायाचित्रणाचीही जोड दिली आणि संसार सावरला. पुढे नामवंत चित्रकार आणि महाराष्ट्राचे कलासंचालक झालेले त्यांचे पुत्र माधव सातवळेकर यांचा जन्म १९१५ मध्ये लाहोरचाच. दिवसभर चित्रांचे काम आणि त्याआधी व त्यानंतर वेदांचा अभ्यास, हा हैदराबादचा क्रम लाहोरातही तसाच राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पंजाबातील वातावरण तापले, पोलिसांची नजर अधिक कडक झाली आणि लाहोरही सुटले.

औंधचा आश्रय

१९१८ च्या सुमारास सातवळेकर सातारा भागातील औंध संस्थानात आले. अवघ्या ७२ गावांचे ते संस्थान, पण त्याचा राजा असामान्य होता. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे उपासक. चित्र आणि वेद या दोन्हींची जाण असलेल्या पाहुण्याचे मोल त्यांनी ओळखले. यमाईच्या डोंगराखालच्या त्या लहानशा गावात स्वाध्याय मंडळाची स्थापना झाली. तेव्हा सातवळेकरांनी पन्नाशी ओलांडली होती. ज्या वयात सामान्य माणूस निवृत्तीची भाषा बोलू लागतो, त्या वयात त्यांच्या जीवनकार्याला खऱ्या अर्थाने आरंभ झाला. व्यवसाय म्हणून चित्रकला मागे पडली आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी एका शब्दाला वाहिले.

स्वाध्याय हा शब्द दोन अर्थांनी येतो. आपापल्या शाखेच्या वेदाचे नित्य अध्ययन हा पहिला अर्थ. तैत्तिरीय उपनिषदात गुरुगृहाहून घरी निघालेल्या शिष्याला जो उपदेश केला जातो, त्यात स्वाध्यायात कधीही हयगय करू नये असे बजावलेले आहे. शिक्षण संपले म्हणजे अभ्यास संपला असे नव्हे, हा त्याचा आशय. दुसरा अर्थ स्वतःचे अध्ययन, म्हणजे आत्मपरीक्षण. पतंजलींनी शौच, संतोष आणि तप यांच्या पंक्तीत स्वाध्यायाला बसविले आहे. गीतेत तो दैवी संपत्तीच्या गुणांत आणि वाणीच्या तपातही येतो. परंपरेने हे दोन अर्थ बहुधा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले. वैदिकाने ग्रंथ पाठ करावा आणि योग्याने मन तपासावे, अशी जणू वाटणीच झाली होती.

सातवळेकरांनी ही वाटणी मोडली. ग्रंथाचे वाचन स्वतःच्या तपासणीसाठी आणि स्वतःची तपासणी ग्रंथाच्या आधाराने, अशी त्यांची रीत होती. त्यांच्या भाष्याची मांडणी पाहिली की हे ध्यानात येते. आधी मंत्र, मग सोपा अर्थ आणि विवरण, आणि त्यानंतर या मंत्रातून माणसाने आचरणासाठी काय घ्यावे याचा विचार. देवतेची स्तुती करून थांबायचे नाही. त्या देवतेचे जे गुण वर्णिले आहेत त्यांतले आपल्यात किती आहेत, हे पाहायचे. अग्नी तेजस्वी आणि पुढे नेणारा असेल, तर आपली वाणी तेजस्वी आहे काय? इंद्र बलवान असेल, तर ज्या इंद्रियांना त्याच्या नावावरून नाव मिळाले ती आपल्या ताब्यात आहेत काय? अश्विनीकुमार वैद्य असतील, तर आपल्या देहाची निगा आपण राखतो काय? स्तुतीचे असे प्रश्नांत रूपांतर झाले की देव्हाऱ्यासमोर बसलेला माणूस आपोआप आरशासमोर बसतो.

मंत्राचा अर्थ ते तीन पातळ्यांवर पाहत. विश्वातील शक्ती, समाजातील व्यवस्था आणि व्यक्तीच्या देहमनातील घडामोडी. सूर्य आकाशात आहे तसा डोळ्यात आहे. अग्नी यज्ञकुंडात आहे तसा वाणीत आणि जठरात आहे. देह हे देवतांचे वसतिस्थान आहे, ही उपनिषदांतील कल्पना त्यांनी फार गंभीरपणे घेतली. म्हणूनच त्यांच्या विचारात देह तुच्छ ठरत नाही, संसार टाकाऊ ठरत नाही आणि आत्मोन्नतीसाठी अरण्यात जाण्याची गरज पडत नाही. ज्याला स्वतःला सुधारायचे आहे त्याने सकाळी वेळेवर उठावे, देह स्वच्छ व सुदृढ राखावा, थोडे वाचावे, वाचलेले आचरणाशी ताडून पाहावे आणि दिवसभराचे काम चोख करावे. हा मार्ग दिसायला साधा असला तरी वर्षानुवर्षे न चुकता चालणे कठीण आहे.

अक्षरांची तपश्चर्या

औंधमधील तीस वर्षांत स्वाध्याय मंडळाने जे काम केले त्याचा आवाका थक्क करणारा आहे. चारही वेदांच्या शुद्ध संहिता तेथून छापल्या गेल्या. मंत्र देवतावार लावून दैवत-संहिता सिद्ध झाली. हिंदीतून वैदिक धर्म आणि मराठीतून पुरुषार्थ ही मासिके चालविली गेली. गीतेवर पुरुषार्थबोधिनी ही विस्तृत टीका त्यांनी लिहिली.

वेद छापणे हे साधे छपाईकाम नव्हे. मंत्राच्या प्रत्येक अक्षराचा स्वर ठरलेला असतो. अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली आणि स्वरिताची उभी रेघ अक्षरावर येते, उदात्ताला खूण नसते. एखादी रेघ सरकली की पाठ बिघडला. स्वर चुकल्यामुळे त्वष्ट्याच्या यज्ञाचे फळ उलटे झाले आणि इंद्राला मारणारा जन्मण्याऐवजी इंद्राकडून मरणारा जन्मला, ही कथा वैदिक परंपरेत विद्यार्थ्याला सुरुवातीलाच सांगितली जाते. खिळे जुळवून छपाई करण्याच्या त्या काळात एका लहान संस्थानी गावात बसून हजारो मंत्र स्वरांसह निर्दोष छापायचे, तर मुद्रिते पुन्हा पुन्हा तपासावी लागत. चेहऱ्यावरची सूक्ष्म रेघ टिपण्याची सवय लागलेला चित्रकाराचा डोळा या कामी उपयोगी पडला असल्यास नवल नाही. आणि अशा कामात मनाची परीक्षाही आपोआप होते. कंटाळा, घाई, हे एवढे चालेल असे म्हणण्याचा मोह, हे सारे विकार प्रत्येक पानावर भेटतात आणि प्रत्येक पानावर त्यांना बाजूला सारावे लागते.

त्यांचे सर्वांत लोकप्रिय काम मात्र वेगळेच होते. संस्कृत शिकण्यासाठी पाठशाळेत बारा वर्षे घालविणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी संस्कृत स्वयंशिक्षक आणि पाठमाला लिहिल्या. नोकरी करणारा कारकून, घरातली गृहिणी, शाळा सुटलेला तरुण यांपैकी कोणीही रोज थोडा वेळ देऊन घरबसल्या संस्कृत शिकावे, अशी त्यांची रचना होती. वेदांचे दार सर्वांसाठी उघडे हवे असे नुसते म्हणणारे पुष्कळ होते. सातवळेकरांनी त्या दाराची किल्लीच लोकांच्या हाती दिली. अस्पृश्यतेला वेदांत आधार नाही, हेही त्यांनी निर्भीडपणे मांडले.

सूर्यनमस्काराचा धडा

औंध हे नाव घेतले की सूर्यनमस्कार आठवतात. भवानराव पंतप्रतिनिधींनी तो व्यायाम आपल्या संस्थानातील शाळांत रूढ केला आणि त्याची कीर्ती परदेशांपर्यंत नेली. सातवळेकरांनीही सूर्यनमस्कार आणि आसने यांवर पुस्तके लिहिली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतः नित्यनेमाने व्यायाम केला. आत्मपरीक्षणाची सुरुवात देहापासून करावी लागते, अशी त्यांची दृष्टी होती. मनातील बदल दिसत नाही, त्याविषयी स्वतःची फसवणूक सहज करता येते. नमस्कार घातले की नाही, याबाबत मात्र स्वतःलाही फसविता येत नाही. देहाच्या नियमाने मनाला नियमाची सवय लागते आणि नियमाची सवय लागलेले मन स्वतःकडे स्थिरपणे पाहू शकते.

मतभेद आणि मर्यादा

सातवळेकरांच्या विचारांना मर्यादा नव्हत्या असे नाही. वेदांचा ऐतिहासिक आणि भाषाशास्त्रीय अंगाने अभ्यास करणाऱ्या विद्वानांना त्यांचे अर्थ नेहमीच पटले नाहीत. प्राचीन मंत्रांत आधुनिक राष्ट्राची, राज्यव्यवस्थेची किंवा आरोग्यशास्त्राची तत्त्वे शोधताना अर्थ ताणला जातो, हा आक्षेप गंभीर आहे. उत्तरायुष्यात ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्याशी जोडले गेले आणि त्यांच्या वेदविचाराकडे त्या चष्म्यातून पाहणारे समर्थक आणि टीकाकार असे दोन्ही वर्ग निर्माण झाले.

मात्र स्वतःची मते तपासून पाहण्याचे धैर्य त्यांच्या ठायी होते, हे विसरता येत नाही. ज्या आर्यसमाजाने त्यांना हैदराबादेत वेदांकडे परत आणले, ज्याच्या गुरुकुलाने त्यांना आश्रय दिला, त्या समाजाच्या वेदार्थाशी पुढे त्यांचे मतभेद झाले. अभ्यासाने जे दिसले ते स्वीकारून ते त्या संघटनेपासून दूर झाले. आपल्याला घडविणाऱ्या विचारसरणीशीही, तिचे ऋण न विसरता, प्रामाणिक मतभेद व्यक्त करणे हे आत्मपरीक्षणाचे अवघड रूप आहे. परक्याच्या चुका कोणालाही दिसतात. आपल्या माणसांची आणि आपलीच कालची समजूत अपुरी होती, हे मान्य करायला विवेक लागतो.

ऐंशीव्या वर्षी पुन्हा प्रारंभ

१९४८ साल उजाडले ते उलथापालथ घेऊन. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा भागात जाळपोळ झाली. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले आणि तीस वर्षांचा राजाश्रय संपला. सातवळेकरांनी तेव्हा ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. हैदराबाद, कांगडी आणि लाहोर यांच्यानंतर आता औंधही सोडण्याची वेळ आली. गुजरातेत, आजच्या वलसाड जिल्ह्यातील पारडी येथे त्यांनी स्वाध्याय मंडळ हलविले. ग्रंथ, छापखाना, अपुरी राहिलेली भाष्ये असा सारा पसारा घेऊन ऐंशी वर्षांचा एक वृद्ध नव्या प्रांतात, नव्या भाषेच्या मुलखात पुन्हा पहिल्या दिवसापासून कामाला लागला.

माणूस स्वतःला किती ओळखतो, याची कसोटी अशाच प्रसंगी लागते. ज्याने आपली ओळख चित्रशाळेत ठेवली असती तो हैदराबाद सुटताच कोसळला असता. ज्याने ती राजाश्रयात ठेवली असती त्याच्यासाठी औंधचे विलीनीकरण हा शेवट ठरला असता. सातवळेकरांची ओळख त्यांच्या नित्यकर्मात होती. पहाटे उठणे, देह राबविणे, मंत्र उलगडणे, लिहिणे आणि तपासणे. हे कुठल्याही गावी करता येते, म्हणून ते कुठल्याही गावी उपरे ठरले नाहीत. पारडीतील पुढची वीस वर्षे ग्रंथनिर्मितीतच गेली. देशभरातून अभ्यासक तेथे येत राहिले.

१९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ज्या माणसाची पुस्तिका एका सरकारने जप्त केली होती, त्याच माणसाचा त्याच कामासाठी साठ वर्षांनंतर सन्मान झाला. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. कर्मे करीत शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी, असे ईशोपनिषद सांगते. जन्मभर त्या वचनांचा अर्थ लावणाऱ्या माणसाने ते स्वतः जगून दाखविले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आज आत्मविकासाचा बाजार मोठा आहे. दोन दिवसांची शिबिरे, एकवीस दिवसांचे संकल्प आणि झटपट शांतीची आश्वासने सर्वत्र मिळतात. कोलगावच्या या सुपुत्राच्या आयुष्याकडे पाहिले की त्या मार्गाचा खरा वेग कळतो. तो दिवसांत मोजता येत नाही. लहानपणी पाठ केलेल्या मंत्राचा अर्थ विचारावासा वाटायला तीस वर्षे लागली, तो अर्थ लोकांपुढे नीट मांडण्यासाठी संस्था उभी राहायला आणखी अठरा, आणि ते काम पुढे नेण्यात उरलेली पन्नास वर्षे गेली.

जामबागेत फुलांचा बाजार रोज पहाटे भरतो आणि रोज संपतो. त्याच वस्तीत विवेकवर्धिनीच्या वर्गांतून मुले रोज येतात, शिकतात आणि मोठी होऊन निघून जातात. संस्थेच्या नावातील विवेक त्यांच्यापैकी किती जणांत वाढतो, हे कोणत्याही परीक्षेत मोजता येत नाही. ती तपासणी ज्याची त्याने, आयुष्यभर, रोज थोडी थोडी करायची असते. स्वाध्याय म्हणतात तो यालाच.